एका डीपीवरची माणसे

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगाव अशी गावे मागे पडतात आणि साधारण ६५-७० किलोमीटरवर शिरूर लागते. जुनी माणसे आजही या गावाला घोडनदी म्हणतात. नदी गावाला खेटून वाहते आणि पूल ओलांडला की दुसरा जिल्हा सुरू होतो. शिरूरला येताना रांजणगावची औद्योगिक वसाहत रात्रभर दिव्यांनी उजळलेली दिसते. मात्र मुख्य रस्ता सोडून टाकळी हाजीच्या किंवा मलठणच्या बाजूला आत शिरले की विजेचे वेगळेच जग सुरू होते. इथे माणसे एकमेकांना भेटली की पावसाच्या खालोखाल एकच चौकशी करतात, ‘‘या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची?’’

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शेजारी तालुके. दोन्हीकडे पाऊस कमी, पण धरणे, कालवे आणि विहिरी यांच्या जोरावर ऊस, कांदा आणि डाळिंब उभे आहे. पाणी आहे, पण ते खालून वर उचलावे लागते. म्हणजे इथली शेती जितकी पाण्यावर तितकीच विजेवर चालते. त्यामुळे वीजबचतीचा विषय इथे समजून घ्यायचा, तर सुरुवात घरातल्या दिव्यापासून न करता शेताच्या बांधावरच्या डीपीपासून करावी लागते.

डीपी म्हणजे खांबांवर बसवलेले रोहित्र. रोहित्र हा सरकारी कागदावरचा शब्द. गावात सगळे डीपीच म्हणतात. एका डीपीवर दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. त्यात पाटील असतात, मुलाणी असतात, शेख असतात, माळी असतात. कुणाचे कुणाशी पटो न पटो, विजेच्या बाबतीत ही सगळी माणसे एका घरात राहिल्यासारखी राहतात. एकाने चूक केली की अंधार सर्वांच्या वाट्याला येतो.

शिरूरच्या बाजारपेठेत मोटारी रिवाइंडिंग करणारी दुकाने आहेत. दारात जळालेल्या मोटारी ओळीने मांडलेल्या, आत तांब्याच्या तारेची रिळे आणि वॉर्निशचा वास. अशाच एका दुकानातल्या मिस्त्रींशी बोलत बसलो. हातातले काम न थांबवता ते म्हणाले, ‘‘लोकांना वाटतं मोटार खराब निघाली. मोटार चांगली असते हो. व्होल्टेज पडतं. मग तेवढंच पाणी उचलायला ती जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं आणि जळतं. एकदा रिवाइंडिंग झालं, दोनदा झालं, की मोटार पहिल्यासारखी राहत नाही. पाणी कमी देते आणि वीज जास्त खाते.’’

व्होल्टेज का पडते, याचा हिशेब सोपा आहे. ६३ केव्हीएची डीपी असेल तर ५ एचपीच्या दहा-अकरा मोटारी ती नीट चालवू शकते. त्याच डीपीवर तारेला आकडे टाकून आणखी चार-पाच मोटारी चालल्या की ताण वाढतो. भरीस भर म्हणजे ऑटोस्विच. वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारी ही पेटी बहुतेक विहिरींवर दिसते. मोटार सुरू होताना काही क्षण तिला नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो. दोन तास गेलेली वीज परत आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी हा झटका देतात. डीपीतले तेल तापते, फ्यूज उडतात आणि कधीतरी डीपीच जळते. मग दुसरी येईपर्यंत उभे पीक वाळताना बघत बसायचे. उन्हाळ्यात कांद्याला किंवा उसाला आठ दिवस पाणी मिळाले नाही तर काय होते, हे या भागातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

यावरचे उपायही साधे आहेत. मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावला की ती डीपीवरचा ताण कमी करते. सगळ्यांनी लावला तर त्याच ६३ केव्हीएच्या डीपीवर साधारण आणखी दोन मोटारींची जागा होते. नवी डीपी मागावी लागत नाही. ऑटोस्विच काढायचा आणि वीज आल्यावर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने मोटारी सुरू करायच्या. फूटव्हॉल्व्ह कमी घर्षणाचा घ्यायचा, पाइपला उगाच वळणे ठेवायची नाहीत. यातली एकही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. तरीही ती होत नाही. का, हे मिस्त्रींनाच विचारले.

ते म्हणाले, ‘‘एकट्याने करून काय उपयोग? मी कपॅसिटर लावला आणि बाकीच्या बाराजणांनी नाही लावला, तर माझं व्होल्टेज पडायचं ते पडणारच. अन् ऑटोस्विच काढला तर रात्री दोन वाजता विहिरीवर कोण जाणार? बिबट्या बसलेला असतो उसात.’’

हे शेवटचे वाक्य सहज सोडून देण्यासारखे नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत ऊस वाढला तसा उसात राहणारा बिबट्याही वाढला. गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात माणसांवर हल्ले झाले, त्यांत लहान मुलेही गेली. शेतीची थ्री फेज वीज मात्र आठवड्यांच्या पाळीने कधी दिवसा, तर कधी रात्री मिळत आली. रात्रीची पाळी असली की घरातला एक पुरुष बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडतो आणि तो परत येईपर्यंत घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून ऑटोस्विच हा निष्काळजीपणा वाटला तरी त्याच्या मुळाशी भीती आहे. ‘वीज जपून वापरा’ असे शहरातून सांगणाऱ्याने ही भीती आधी समजून घ्यायला हवी.

रात्रीची पाळी टळावी यासाठी एक मार्ग याच परिसरातून निघाला आहे. शिरूरचा पूल ओलांडून नगरच्या दिशेने गेले आणि वाडेगव्हाणहून आत वळले की राळेगणसिद्धी लागते. पाणलोटाच्या कामासाठी हे गाव सर्वांना माहीत आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांत राळेगणसिद्धी होते. कल्पना अशी की उपकेंद्राजवळच्या मोकळ्या जमिनीवर सौर पॅनल मांडायचे आणि तिथे तयार झालेली वीज जवळच्याच शेतीच्या वाहिनीवर सोडायची. ऊन दिवसा असते, म्हणून वीजही दिवसाच मिळते. शिवाय ती लांबच्या औष्णिक केंद्रातून शेकडो किलोमीटर तारेवरून यायची नसल्याने वाटेत कमी वाया जाते. पुढे राज्यभर ही योजना वाढवण्यात आली. ज्या वाहिनीवर ही वीज पोहोचते तिथल्या शेतकऱ्याला रात्री दोन वाजता उसात जावे लागत नाही. बचतीचा हिशेब युनिटांत मांडण्याआधी तो असा मांडला पाहिजे.

पण सौर वीज आली तरी डीपी तीच राहते, मोटारी त्याच राहतात आणि आकडे टाकणारेही तेच राहतात. त्यांचा एकमेकांशी काही ठराव झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. असा ठराव पूर्वी झालेला आहे, हे आजच्या तरुणांना माहीत नसते.

२००५ च्या जून महिन्यात वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी स्थापन झाली. ते दिवस भारनियमनाचे होते. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसायची. मुले कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास करायची, पिठाची गिरणी कधी चालू होईल याची वाट बघत बायका डबे घेऊन रांगेत बसायच्या. त्या काळात ‘अक्षय प्रकाश’ नावाची योजना राज्याच्या ग्रामीण भागात राबवली गेली. तिचे स्वरूप कराराचे होते. गावाने एकत्र बसून ठरवायचे की संध्याकाळच्या मागणीच्या तासांत कुणीही शेतीची मोटार चालवणार नाही, हीटर किंवा शेगडी लावणार नाही, तारेवर आकडा टाकणार नाही. गावाने हे पाळले की त्या तासांत घरातले दिवे, पंखे आणि टीव्ही चालू राहतील एवढी वीज गावाला मिळायची.

यात पोलीस नव्हते. कुणी नियम मोडला तर शेजाऱ्यानेच त्याला हटकायचे, कारण एकाने मोटार लावली की अंधार सगळ्या गावाला. ज्यांना शेती नव्हती, अशा मजुरांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या घरांना या योजनेचा सर्वाधिक फायदा झाला. संध्याकाळचा उजेड ही त्यांची एकच मागणी होती. पुढे गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या, पुरवठा सुधारला आणि त्या ठरावांची गरज उरली नाही. गरज गेली तशी सवयही गेली. विजेची चणचण असताना जे गाव एकत्र बसले, ते वीज मुबलक झाल्यावर बसेनासे झाले.

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे लागते. तिथून पूर्वेला वळले की घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. वरवर पाहता इतर गावांसारखेच एक गाव. पण १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावावर या उत्खननाचा अहवाल आहे. मातीच्या भिंतींची घरे, धान्य साठवण्याची कोठारे आणि चुली सापडल्या. त्याबरोबर पाणी वळवण्यासाठी खोदलेला एक कालवाही सापडला.

तो कालवा विजेच्या विषयात आणण्याचे कारण आहे. कालवा एका घराला खोदता येत नाही. तो खोदायला वस्ती लागते, आणि खोदल्यावर वरच्या शेताने किती पाणी घ्यायचे आणि खालच्यासाठी किती सोडायचे, हे ठरवावेच लागते. घोड नदीच्या काठावर हा प्रश्न साडेतीन हजार वर्षांपूर्वीही असणार. आज तो कालव्याऐवजी तारेवर आला आहे, एवढाच फरक.

भीमा ओलांडून पारगावमार्गे दौंड तालुक्यात शिरले की हवेला गुळाचा वास येतो. केडगाव-चौफुला हा गुऱ्हाळांचा पट्टा. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटतो, खाली चुलवणात उसाचे वाळलेले चिपाड जळते. म्हणजे ऊसच स्वतःचे इंधन घेऊन येतो. चुलवण नीट बांधलेले असेल आणि चिमणीवाटे बाहेर जाणाऱ्या गरम हवेवर दुसऱ्या काहिलीतला रस आधीच तापवून घेतला, तर चिपाड पुरून उरते. चुलवण जुने आणि फुटके असेल तर चिपाड कमी पडते आणि मग दुसरे इंधन शोधावे लागते. काही ठिकाणी टायर आणि प्लास्टिक जाळल्याच्या तक्रारी या भागात झाल्या आहेत. तो काळा धूर गुऱ्हाळाच्या मालकापुरता राहत नाही. शेजारच्या वस्तीतली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले तो श्वासात घेतात. इथेही गोष्ट तीच. उष्णता वाया घालवणारा एक, आणि खोकणारे दुसरे.

दौंड हे रेल्वेचे गाव. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन झाले. रेल्वेच्या नोकरीमुळे देशाच्या कानाकोपऱ्यातली कुटुंबे इथे येऊन स्थायिक झाली. इंजिनमध्ये कोळसा टाकणारे गेले, डिझेल आले आणि आता पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावर विजेच्या तारा आहेत. आजची नवी इलेक्ट्रिक इंजिने ब्रेक लावताना चाकांच्या वेगातून वीज तयार करून ती वरच्या तारेत परत सोडतात. त्याच तारेवर दुसरी गाडी चढाने जात असेल तर ती वीज तिला मिळते. फलाटावर उभे राहून ही गोष्ट दिसत नाही, पण रोज घडते.

दौंडच्या एका मोहल्ल्यातल्या मस्जिदीत असरनंतर विश्वस्तांपैकी एका बुजुर्गांशी बोलणे झाले. दिवे त्यांनी केव्हाच एलईडी केले होते. तरी वीजबिल मनासारखे उतरले नव्हते. बोलता बोलता कारण सापडले. ‘‘फजरला दोन सफा भरतात, पण पंखे फिरतात ते सगळे,’’ चाचा म्हणाले. ‘‘बटण एकच आहे ना!’’ प्रत्येक सफेसाठी वेगळे बटण ठेवण्याचे काम वायरमन एका दिवसात करून देतो. पुढचा हिशेब पंख्यांचा. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. वीस पंखे रोज चार तास चालले तर महिन्याला १०८ युनिटांचा फरक पडतो. वुजूखान्यातल्या गळक्या तोट्या बदलल्या आणि टाकीला पाणी भरताच मोटार बंद करणारा फ्लोट स्विच बसवला की पाणीही वाचते आणि बोअरची मोटारही कमी चालते. हे सारे पैसे जमातीचेच असतात. वाचले तर मक्तबच्या मुलांच्या किंवा एखाद्या विधवेच्या उपयोगी पडतील.

रमजानमध्ये इफ्तारची वेळ बहुधा विजेच्या सर्वाधिक मागणीच्या तासांतच येते. शिवाय चाँदरात, ईद, मीलाद, लग्नसराई, गणेशोत्सव, उरूस आणि जत्रा या सर्व वेळी रोषणाईसाठी तारेवर आकडा टाकण्याची जुनी खोड आपल्याकडे सर्वच समाजांत आहे. उत्सवासाठी तात्पुरती अधिकृत जोडणी मिळते. ती घेतली तर शेजारच्या घरातल्या आजारी माणसाचा पंखा मध्येच थांबत नाही. हदीसमधला जहाजाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खालच्या मजल्यावरच्या माणसांना पाण्यासाठी आपल्या भागात भोक पाडायचे असते, आणि वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सगळेच बुडतात. डीपीसमोर उभे राहिले की या दाखल्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घरातल्या बचतीबद्दलही दोन शब्द. ६० वॅटचे चार जुने दिवे काढून ९ वॅटचे एलईडी लावले आणि रोज पाच तास वापरले, तर महिन्याला तीस युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी आणि त्यापुढचा बराच जास्त असतो; म्हणजे शंभराच्या आसपास वापर असलेल्या घराला ही तीस युनिटे सर्वांत महागातली वाचतात. छतावर सौर पॅनल बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा अधिक असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. मात्र आधी दिवे आणि पंखे बदलावेत, मगच पॅनल किती लागतील ते मोजावे. गरज कमी झाली की पॅनलही कमी लागतात.

शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र एक अडचण उरते. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली आहे. मग कपॅसिटर कशाला आणि चांगला पंप कशाला, असे कुणीही विचारेल. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढा भागात दोन हजारांहून अधिक जुने पंप काढून ऊर्जाबचतीचे पंप बसवण्याचा प्रयोग झाला होता. तेच पाणी कमी विजेत उचलता येते, हे तिथे दिसले. बिल माफ झाले तरी डीपीची ताकद माफ होत नाही. ती ६३ केव्हीएची असेल तर ६३ केव्हीएचीच राहते. वाया गेलेल्या विजेची किंमत बिलात दिसत नाही, ती पडलेल्या व्होल्टेजमध्ये, जळालेल्या मोटारीत आणि वाळलेल्या पिकात दिसते.

सुरुवात करायला सरकारी योजनेची वाट बघण्याची गरज नाही. एका डीपीवरच्या सर्वांची नावे एका कागदावर लिहावीत. कुणाची मोटार किती एचपीची, कुणाकडे कपॅसिटर आहे, कुणाकडे ऑटोस्विच आहे, ते समोर लिहावे. मोटारी सुरू करण्याचा क्रम ठरवावा. रात्रीची पाळी असेल तर एकट्याने न जाता दोघा-तिघांनी मिळून जायचे आणि एकमेकांच्या मोटारी सुरू करायच्या, हेही त्याच कागदावर लिहावे. मग ऑटोस्विचचे निम्मे कारण संपते. पंधरा माणसांची बैठक पारावर होऊ शकते, सोसायटीच्या ओट्यावर होऊ शकते, मस्जिदीच्या अंगणातही होऊ शकते. शेती नसलेल्या वाचकांनी आपल्या मोहल्ल्याच्या डीपीवर किती घरे आहेत, एवढे तरी या महिन्यात वायरमनला विचारून घ्यावे. बहुतेकांना आपले विजेचे शेजारी कोण, हे माहीत नसते.